सहमतिपत्रात नसलेले कलम

पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यावर भर देणाऱ्या चार स्वतंत्र पेंटेकॉस्टल ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून एक नवी मंडळी स्थापन करायचे ठरवले, तेव्हा समन्वयाचे काम माझ्याकडे आले. सहमतिपत्राचा मसुदा मीच लिहिला आणि त्याचा मला अभिमान होता. नव्या मंडळीच्या सेवकाचे, म्हणजे पाळकाचे, मानधन तीन वर्षे चारही मंडळ्यांनी वाटून द्यायचे, मात्र दरवर्षी मदत एक तृतीयांशाने घटवायची, म्हणजे नव्या मंडळीला आपल्या दशांशावर, म्हणजे सभासदांनी दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागावर, उभे राहण्याची सवय लागते. प्रत्येक मंडळीने दोन कुटुंबे वर्षभरासाठी द्यायची, आणि ती शिकवण्यात किंवा गायनात मुरलेली हवीत, केवळ खुर्च्या भरणारी नकोत. कोणी आपल्या मंडळीतून रुसून आला, तर त्याच्या पाळकांशी बोलल्याशिवाय त्याला सभासद करून घ्यायचे नाही. या कलमासाठी मी सर्वांत जास्त भांडलो, कारण अशी संयुक्त कामे पैशापेक्षा पळवलेल्या मेंढरांवरून अधिक मोडतात.

पहिल्या बाप्तिस्म्याला आठ जण होते. नव्या मंडळीवर कोणा एकाचा शिक्का बसू नये म्हणून चारही पाळकांनी प्रत्येकी दोघांना बाप्तिस्मा द्यावा, असे ठरले होते. पहिल्या दोन पाळकांनी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा दिला. तिसरे पाण्यात उतरले आणि त्यांनी दोघांनाही केवळ येशू ख्रिस्ताच्या नावाने बुडवले. काठावरचे गाणे थांबले. ते दोघे पुन्हा पाण्यात उतरल्याशिवाय मी उतरणार नाही, असे चौथ्या पाळकांनी सांगितले. तिसरे शांतपणे म्हणाले, “प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय, अडतिसावे वचन: येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्या. आमच्याकडे पहिल्यापासून असेच आहे. तुम्ही कधी विचारलेच नाही.”

ते खरे होते. मानधनाच्या हप्त्यांवर मी तीन बैठका घेतल्या होत्या, पण पाण्यात कोणते शब्द उच्चारायचे हे एकदाही विचारले नव्हते. १९१४ मध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे अमेरिकेतील पेंटेकॉस्टल सेवक सहकार्यासाठी एकत्र आले, तेव्हा त्यांनी जाणीवपूर्वक मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरावीक कबुली, लिहिला नाही. पुढे याच प्रश्नावरून १९१६ मध्ये त्यांना विश्वासाचे निवेदन करावे लागले आणि अनेक सेवक बाहेर पडले. हा इतिहास मी स्वतः शिकवतो, आणि तरीही आपण सगळे एकाच आत्म्याचे आहोत, एवढ्यावर विसंबलो.

तिसऱ्या पाळकांनी बाप्तिस्मा दिलेली एक बाई ओल्या कपड्यांनिशी माझ्यासमोर आली. “पास्टर, माझा बाप्तिस्मा झाला की नाही?”

“झाला, ताई,” मी सर्वांदेखत म्हणालो. चौथे पाळक आपली दोन्ही कुटुंबे घेऊन निघून गेले आणि त्यांच्या वाटणीचे दोघे तसेच थांबून राहिले.

ते उत्तर देण्याचा अधिकार मला होता का, हे मला अजून उमगलेले नाही. स्वतंत्र मंडळ्यांवर बिशप नसतो आणि समन्वयक तर मुळीच नसतो. शिवाय ते तिसरे पाळक त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, नाकारतात, की गुरूकडून आलेली रीत फक्त पाळतात, हेही मी अजून विचारलेले नाही. आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे. आमच्या नोंदवहीत बाप्तिस्मा कोणी दिला याचा रकाना आहे, कोणत्या नावाने दिला याचा नाही. तिसऱ्या पाळकांनी बाप्तिस्मा दिलेल्या त्या दोघांच्या ओळी अजून कोऱ्या आहेत. उद्या मी त्या पाळकांकडे जाणार आहे. वही सोबत नेणार नाही.