जावक वहीतला एक रकाना आणि तीन टेबले : माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझ्या मामांचा टॉवेल आणि चादरींचा लहानसा कारखाना आहे. तेथील जावक वही (बाहेर गेलेल्या मालाची नोंदवही) पॉवर ॲप्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ॲप बनवण्याच्या साधनावर, आणण्याचे काम मी अंगावर घेतले, तेव्हा ते आठवडाभरात होईल असे मला वाटले होते. वहीत मोजके सहा रकाने होते आणि त्यांपैकी पाच रकान्यांनी मला काहीही त्रास दिला नाही. सगळा वेळ खाल्ला तो ‘कोणाकडे’ या एका रकान्याने.

कारखान्याचे हिशेब पाहणाऱ्या दिवाणजींनी वही उघडून त्या रकान्यावरून बोट खाली फिरवले. पहिल्या ओळीत हैदराबादच्या एका पेढीचे नाव होते, दुसऱ्या ओळीत आमच्यासाठी जॉबवर्कवर विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाचे आणि तिसऱ्या ओळीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला आलेल्या व परत जाताना चार चादरी घेऊन गेलेल्या एका कुटुंबाचे. “नाव वाचलं की आम्हाला कळतं, हा माल विकला की विणायला दिला. तुमच्या मशीनला ते कोण सांगणार?” असे त्यांनी विचारले. पुढचा महिनाभर मी याच प्रश्नाचे उत्तर शोधत होतो.

या तिघांना एकाच टेबलमध्ये, म्हणजे माहितीच्या एकाच तक्त्यात, कोंबता आले असते आणि त्यांची माहिती सारखी असती तर मी तेच केले असते. नाव, गाव आणि मोबाइल एवढेच ठेवायचे असेल, तर ‘पार्टी’ नावाचे एक टेबल आणि त्यात ‘प्रकार’ हा कॉलम ही सर्वांत सरळ मांडणी आहे. आमच्याकडे मात्र पेढीच्या नोंदीत जीएसटी क्रमांक, उधारीची मुदत आणि वाहतूकदार लागतो, यंत्रमागधारकाच्या नोंदीत मागांची संख्या, मजुरीचा दर आणि त्याच्याकडे शिल्लक असलेले सूत लागते, तर किरकोळ ग्राहकाचा मोबाइल क्रमांक पुरतो. एका टेबलमध्ये हे सारे घातले असते तर प्रत्येक नोंदीत बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या असत्या.

म्हणून मी ‘जावक’ टेबलमध्ये तीन वेगळे लुकअप कॉलम (दुसऱ्या टेबलमधील नोंद निवडून जोडणारे रकाने) केले : व्यापारी, यंत्रमागधारक आणि ग्राहक. एक भरायचा आणि दोन रिकामे सोडायचे, असा नियम मी तोंडी सांगितला आणि तिथेच चूक झाली. तिसऱ्या आठवड्यात एका नोंदीत व्यापारी आणि यंत्रमागधारक हे दोन्ही कॉलम भरलेले सापडले. विणकामासाठी दोन बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेले रूळ) गेले होते. नोंद करणाऱ्याने आधी चुकून पेढी निवडली, मग यंत्रमागधारक निवडला, पण आधीचे नाव पुसायचे राहून गेले. अहवालात तेच दोन बीम एकदा विक्रीत आणि एकदा जॉबवर्कमध्ये मोजले गेले. मामांनी आकडा पाहून, “हे सूत आपण विकलं कधी?” असे विचारले, तेव्हा तोंडी नियमावर हिशेब सोपवण्यात माझी चूक झाली हे मी मान्य केले.

आता मला तिन्ही टेबलांसाठी एकच कॉलम हवा होता. पण एका कॉलमने अनेक टेबलांकडे बोट दाखवावे, ही मागणी मुळात रिलेशनल पद्धतीच्या, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याच्या पद्धतीच्या, स्वभावाबाहेरची आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या या पद्धतीवर उभ्या असलेल्या एसक्यूएल डेटाबेसमध्ये फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलमधील नोंदीशी जोडणारा कॉलम, एका ठरावीक टेबलचाच हवाला देते. ॲपशीट या गूगलच्या अशाच साधनातील रेफ (जोडणारा) कॉलमही एकाच टेबलला जोडलेला असतो. पॉवर ॲप्सच्या मागे माहिती साठवणाऱ्या डेटाव्हर्समध्ये मात्र असे कॉलम पहिल्यापासून आहेत : ‘ओनर’ कॉलममध्ये व्यक्ती किंवा टीम येते, आणि ‘कस्टमर’ या प्रकारच्या कॉलममध्ये अकाउंट (संस्था) किंवा कॉन्टॅक्ट (व्यक्ती) येतो. कस्टमर कॉलम मी वापरून पाहिला, पण त्याची ती दोन टेबले ठरलेली आहेत आणि आमचा यंत्रमागधारक त्यांत कुठेच बसत नव्हता.

आपल्याला हव्या त्या टेबलांसाठी असा कॉलम करता येतो. त्याला पॉलिमॉर्फिक लुकअप म्हणतात. मी हे काम केले तेव्हा नेहमीच्या पडद्यावर लुकअप निवडताच एकाच टेबलचे नाव विचारले जात होते, त्यामुळे हा कॉलम वेब एपीआयमधून, म्हणजे डेटाव्हर्सला थेट लेखी विनंती पाठवून, करावा लागला. ‘क्रिएट पॉलिमॉर्फिक लुकअप ॲट्रिब्यूट’ या कृतीला एक विनंती पाठवायची आणि त्या विनंतीत दोन गोष्टी द्यायच्या : कॉलमचे स्वतःचे वर्णन, आणि प्रत्येक टेबलशी असलेल्या नात्यांची यादी. हे नीट समजून घेतल्यावर माझ्या मनातील गोंधळ संपला. वरून एकच दिसणाऱ्या या कॉलमखाली तीन स्वतंत्र नाती असतात आणि प्रत्येक नात्याला वेगळे नाव व वेगळे नियम असतात. पुढे रंगाईसाठी सूत पाठवण्याची नोंदही या वहीत आली, तेव्हा त्याच कॉलमला चौथे नाते जोडता आले. कॉलम नव्याने करावा लागला नाही.

ते वेगळे नियम किती महत्त्वाचे आहेत हे चाचणीत कळले. मी एक खोटी पेढी तयार करून तिच्या नावावर पाच जावक नोंदी केल्या आणि नंतर ती पेढी काढून टाकली. पाचही नोंदी जागेवर राहिल्या, पण त्यांतील ‘कोणाकडे’ हा कॉलम रिकामा झाला, कारण त्या नात्यात मूळ नोंद काढल्यावर फक्त दुवा तोडण्याचा नियम होता. खऱ्या वहीत असे झाले असते तर माल गेल्याचे दिसले असते, पण कोणाकडे गेला हे सांगणारे काही उरले नसते. मी लगेच पेढी आणि यंत्रमागधारक या दोन्ही नात्यांत काढण्याला मनाई करणारा नियम लावला. आता ज्या पेढीच्या किंवा यंत्रमागधारकाच्या नावावर एक जरी जावक असली, तरी त्यांची नोंद काढताच येत नाही.

कॅनव्हास ॲपमध्ये, म्हणजे पॉवर ॲप्समध्ये पडदे स्वतः मांडून केलेल्या ॲपमध्ये, हा कॉलम दाखवणे हे त्यानंतरचे खरे काम होते. साध्या लुकअपनंतर टिंब दिले की पुढच्या टेबलमधील नाव, गाव इत्यादी कॉलम समोर येतात. येथे ते येत नाहीत, कारण हाती आलेली नोंद कोणत्या टेबलची आहे हे सूत्राला ठाऊक नसते. आधी इझटाइप या फंक्शनने प्रकार विचारायचा, मग ॲझटाइपने ती नोंद त्या टेबलची म्हणून वापरायची आणि त्यानंतरच नाव काढायचे. प्रकार न विचारता ॲझटाइप लावले आणि नोंद दुसऱ्या टेबलची निघाली, तर चूक दाखवली जाते. म्हणून माझे सूत्र सर्वांत आधी कॉलम रिकामा आहे का ते पाहते आणि मग एकेक प्रकार तपासते. हे दिवाणजींच्या बोटासारखेच होते : नाव वाचायचे, माणूस ओळखायचा, मग हिशेब कुठे जातो ते ठरवायचे.

निवड करण्यासाठीही एक कॉम्बो बॉक्स (यादीतून नाव निवडण्याची चौकट) पुरला नाही, म्हणून वर ‘विक्री, जॉबवर्क, किरकोळ’ अशी निवड ठेवली. तिच्यानुसार तीनपैकी एकच कॉम्बो बॉक्स दिसतो, आणि जतन करताना पॅच या नोंद लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये त्याच बॉक्समधील नोंद या एका कॉलममध्ये जाते. दोन नावे भरण्याची शक्यताच त्यामुळे उरली नाही.

पॉवर ऑटोमेट या कामे आपोआप करणाऱ्या साधनातून चलनाचा संदेश पाठवताना एवढेच ध्यानात ठेवावे लागले की कॉलमच्या मूल्यात फक्त ३६ अक्षरांचा ओळखक्रमांक येतो आणि टेबलचे नाव ‘लुकअप लॉजिकल नेम’ या जोडमाहितीतून वेगळे वाचावे लागते.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत मला सतावत होती. आमचे एक यंत्रमागधारक आमच्याकडूनच तयार टॉवेल घेऊन बाहेर विकतात, म्हणून त्यांचे नाव दोन टेबलांत आहे आणि ॲपच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे आहेत. दोन्ही नोंदी एकत्र बांधण्यासाठी मी आणखी एका टेबलचा आराखडा काढून दिवाणजींपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, कपाटातून खातेवही काढली आणि त्याच माणसाची दोन पाने उघडून दाखवली. एकावर मजुरी खाते लिहिले होते, दुसऱ्यावर माल खाते. “मजुरीतून मालाचे पैसे परस्पर वळते करत नाही आम्ही. दोन्ही खाती वेगळीच राहू द्या,” ते म्हणाले. मी आराखडा घडी करून ठेवला आणि त्या यंत्रमागधारकांची दोन्ही टेबलांतील नावे तशीच राहू दिली.