दोन वर्षांचं की चार वर्षांचं

पावसाळा लागला की आमच्या फार्मसी कॉलेजात शिकवणं मागे पडतं आणि एफसी ड्युटी लागते. एफसी म्हणजे प्रवेशाचं सुविधा केंद्र. सीईटी ही प्रवेश परीक्षा दिलेल्या पोरांनी ऑनलाइन फॉर्म भरायचे आणि आम्ही त्यांचे दाखले तपासून फॉर्म कन्फर्म करायचे. एरवी मी डिप्लोमाच्या आणि डिग्रीच्या पोरांना औषधांचे कायदे शिकवतो. एफसीला बसलो की मात्र मी निव्वळ कारकून. अधिवास, जात, पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्न. स्क्रीनवरचा कागद बघ, हातातला कागद बघ, टिक कर, पुढचा.

ही गोष्ट २०२४च्या पावसाळ्यातली, बी.फार्मच्या, म्हणजे फार्मसीच्या डिग्रीच्या, फॉर्मच्या शेवटच्या दिवसाची. मुदतवाढ येणार अशी वावडी सकाळपासून व्हॉट्सॲपवर फिरत होती. मुदतवाढ बऱ्याचदा येतेही, पण तिच्या भरवशावर मी कुणाला घरी पाठवत नाही.

दुपारी अडीचच्या सुमारास एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी आली. गृहस्थांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला तीन पेनं आणि हातात औषध कंपनीनं फुकट वाटलेली निळी फाइल. ती फाइल बघूनच ओळखलं, मेडिकलवाले. तालुक्यापासून वीसेक किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावात दुकान, वीस वर्षांचं.

"सर, पोरीचं दोन वर्साचं करून टाका," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले.

मी म्हटलं, "मालक, हा फॉर्म चार वर्षांच्या डिग्रीचा आहे. डिप्लोमाची प्रक्रिया वेगळी. तिथं सीईटी लागत नाही, बारावीच्या मार्कांवर होतं."

"मग ह्यो कशाला भरला गं?"

मुलगी काही बोलली नाही. तिनं बॅगेतून शंभरपानी वही काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. अकरावीपासूनचं सगळं तारखांसह त्यात होतं. जात पडताळणीचा प्रस्ताव अकरावीतच ज्युनिअर कॉलेजमार्फत समितीकडे पाठवलेला, त्याचा नंबर, वैधता प्रमाणपत्र हातात पडल्याची तारीख. सीईटीला पीसीबी ग्रुप: फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, बायोलॉजी १००, उणे गुण नाहीत, म्हणून समोर लाल पेनानं "एकही प्रश्न सोडायचा नाही". अकरावीचा अभ्यासक्रम वीस टक्के, बारावीचा ऐंशी, आणि त्या वीस टक्क्यांतले कोणते धडे, त्यांचीही यादी. बारावीला एकाहत्तर टक्के. सीईटीला चौऱ्याऐंशी पर्सेंटाइल.

एक सांगायला हवं. आमच्याकडे येणारी निम्मीअधिक पोरं नीटमधून, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतून, गळून आलेली असतात. एमबीबीएस नाही, बीएएमएस नाही, मग फार्मसी. त्यांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं असतं आणि पहिलं सेमिस्टर ते पुसण्यात जातं. काही पीसीएमवाली चुकून येतात आणि "सर, बायोलॉजी नव्हतं, चालेल का?" असं घाबरत विचारतात. चालतं. फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स किंवा बायोलॉजी यांपैकी एक असलं की पुरे. मॅथ्सवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल बायोलॉजी असते. पण अकरावीपासून फार्मसीच करायची म्हणून वही घातलेलं पोर मी आजवर एका हाताच्या बोटांवर मोजावं इतकंच पाहिलंय.

कागद बघायला लागलो. अधिवास बरोबर. जातीचा दाखला बरोबर, फक्त लॅमिनेशन केलेला. लोक ते का करतात देव जाणे. वैधता बरोबर. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे एनसीएल, उघडलं आणि थांबलो.

"हे ३१ मार्च २०२४ला संपलंय."

प्रवेश २०२४-२५चा, म्हणजे दाखला ३१ मार्च २०२५पर्यंत वैध हवा. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद जोडले तर तीन वर्षांचा दाखला मिळतो, एकाच वर्षाचे जोडले तर एका वर्षाचा. वहीत तिनं स्पष्ट लिहिलं होतं: "एनसीएल, तीन वर्षांचं काढणे, पप्पा". पप्पांनी एका वर्षाचं आणलं होतं. मुलीनं वडिलांकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

"चालतंय की सर, दोन-चार महिन्यांनी काय हुतंय?"

"ओपनमधून जाईल. ओबीसीच्या १९ टक्के जागा तिला बंद, आणि फीची माफीही गेली."

माफी म्हटल्यावर ते पंख्यावरून खाली आले. त्याच वर्षी जुलैमध्ये शासनानं निर्णय काढला होता: आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक पदवीच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या फेऱ्यांतून झालेला हवा. ओळखीनं मॅनेजमेंट कोट्यात घेतला तर त्यातलं काही नाही. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते माझ्याकडे झुकले, फाइलमधला एक रिकामा कागद उलटा केला आणि पेन काढलं. तीनपैकी मधलं.

"हिशोब बघा सर. दुकानाला फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भाड्यानं हाय. म्हैन्याला चार हजार. पोरगी चार वर्सं शिकली तर अठ्ठेचाळीस म्हैने, एक लाख ब्याण्णव. दोन वर्सं शिकली तर शहाण्णव. म्हंजे शहाण्णव हजार वाचत्यात."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणासमोर बोललो. माझ्याही आलं. फार्मसी ॲक्ट १९४८, कलम ४२: नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कुणी डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. दरवर्षी शिकवतो, दरवर्षी परीक्षेत येतं. भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट आणि काउंटरवर भलताच, हे चालतं तेही मला ठाऊक असतं. ठाऊक असणं वेगळं आणि समोर बसून कुणी त्याचा भागाकार-गुणाकार करणं वेगळं.

"कुणाचं आहे सर्टिफिकेट?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुमचाच पोरगा हाय सर. पुण्यात असतो, कंपनीत. वर्सातनं एकदा येतो, सह्या करून जातो. तुमचं नाव लई घेतो. कायदा लई भारी शिकवायचे म्हणतो."

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम हसू दाबत प्रिंटर उघडून बसल्या.

मी कागद माझ्याकडे ओढला. राग कुठंतरी घालवायचा होता, तो हिशोबात घातला. म्हटलं, "मालक, डिप्लोमा दोन वर्षांचा, पण दोन वर्षांत लायसन हातात येत नाही. दोन वर्षांनंतर पाचशे तासांचं ट्रेनिंग, म्हणजे तीन महिने. शिवाय २०२२ पासून डिप्लोमावाल्यांना एक्झिट परीक्षेचा नियम आलाय. मग मुंबईच्या कौन्सिलकडं नोंदणी. अडीच-तीन वर्षं धरा. तुमचे शहाण्णव हजार तिथंच निम्मे झाले. पुढं तिला डिग्री करावीशी वाटली तर थेट दुसऱ्या वर्षाला जाईल, दोन आणि तीन, पाच वर्षं. आणि डिप्लोमाची फी तर तुम्ही धरलेलीच नाही. बी.फार्मवरही नोंदणी होते, दुकानात तीही चालते."

ते आकडे बघत राहिले. दुकानदार माणूस, आकड्यावर रुसत नाही.

"खरं हाय," म्हणाले. "पण कागद तर संपलाय न्हवं."

त्या वर्षी एक सोय होती. नवा दाखला हातात नसला तरी अर्ज केल्याची पावती लावून फॉर्म कन्फर्म करता येत होता. मूळ दाखला नंतर ठरलेल्या तारखेआधी द्यायचा, नाही दिला तर ओपन. म्हणजे आज पाचच्या आत फक्त पावती हवी होती. उत्पन्नाचे तीन वर्षांचे कागद कुठून आणायचे? मेडिकलवाले रिटर्न भरतात. त्यांनी तिथूनच हिशोबनिसाला फोन लावला, तीन वर्षांची रिटर्न्स मोबाइलवर आली, आणि ते झेरॉक्स आणि महा-ई-सेवा केंद्र गाठायला पावसात निघाले. मुलीला म्हणाले, "तू हितंच बस, नंबर जाईल." नंबर वगैरे काही नव्हता.

ती बसली. मी दोन फॉर्म संपवले. मग विचारलं, "डिग्रीच का गं? तुझ्या पप्पांना दुकानापुरतंच हवंय."

"ड्रग इन्स्पेक्टर व्हायचंय सर. त्याला डिप्लोमा चालत नाही."

बरोबर होतं. औषध निरीक्षकाच्या पात्रतेला फार्मसीची पदवी लागते. एमपीएससीतून भरती होते. पण खेड्यातल्या बारावीच्या पोरीला हे पद कुठून कळलं?

"मी दहावीला असताना तपासणीला एक मॅडम आल्या होत्या," ती म्हणाली. "पप्पा माल आणायला गेलेले. मी काउंटरवर होते. फार्मासिस्ट कुठायत म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जेवायला गेलेत." थोडं थांबून, "त्यांना कळलं असणार सर. त्यांनी मला काही बोललं नाही. फ्रिज उघडून इन्सुलिन बघितलं, थर्मामीटर कुठाय विचारलं. थर्मामीटर नव्हताच. मग मला विचारलं, तुला माहितीय का हे किती अंशावर ठेवायचं? मी नाही म्हटलं."

"आता माहितीय?"

"दोन ते आठ."

मी पुढचा फॉर्म घेतला. काय बोलायचं ते सुचलं नाही.

सव्वाचारला लाइट गेली. इन्व्हर्टरवर संगणक चालू राहिले, नेट बसलं. कुणीतरी मोबाइलचं हॉटस्पॉट दिलं. पावणेपाचला तिचे वडील नखशिखांत भिजून आले, पावती शर्टाच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत. औषधाचीच पिशवी. मी पावती स्कॅन केली, अपलोड केली. चाक फिरत राहिलं. चार बावन्न. चार पंचावन्न. पान उडालं, पुन्हा लॉगिन. चार अठ्ठावन्नला फॉर्म कन्फर्म झाला आणि ॲकनॉलेजमेंटची प्रिंट निघाली. वडिलांनी ती दोन्ही हातांत धरून वाचली. वाचता वाचता कोपरा ओला झाला.

निघताना मी मुलीला एवढंच म्हटलं, "पुढं ऑप्शन फॉर्म भरशील तेव्हा जवळचं कॉलेज पहिलं टाकू नकोस. पहिल्या क्रमांकाचं मिळालं की ते आपोआप पक्कं होतं, पुढच्या फेरीला बसता येत नाही. आधी जे खरंच हवंय ते. कराडचं सरकारी टाक, मिळो न मिळो. नेट कॅफेवाल्याला भरायला देऊ नकोस." तिनं ते वहीत लिहून घेतलं. तारीखही टाकली.

हिशोबाचा कागद टेबलावरच राहिला होता. वरचं गणित त्यांचं, खालचं माझं. मी तो घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. रात्री आठला वावडी खरी ठरली आणि तीन दिवसांची मुदतवाढ आली. मॅडमनी ग्रुपवर हसण्याच्या चार बाहुल्या टाकल्या.

घरी जेवण झाल्यावर त्या विद्यार्थ्याचा नंबर शोधला. काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो: कलम, शिक्षा, नोंदणी रद्द होऊ शकते, वगैरे. त्यानं दुसऱ्या रिंगला उचलला.

"सर! किती वर्षांनी! बोला ना सर." आणि मी बोलायच्या आत, आवाज जरा खाली घेऊन, "सर, कुणाला सर्टिफिकेट पाहिजे का? माझं गुंतलंय सध्या. पण मित्राचं मोकळं आहे."