गोणीखालचा वण

मामांनी तपासणीसाठी शर्ट काढला तेव्हा आधी नजरेत भरली ती टाक्यांची रांग. डाव्या खांद्यामागे तळहाताएवढा तांबूस, तुळतुळीत केलॉइड, म्हणजे जखमेबाहेर वाढत गेलेला वण, आणि दोन्ही कडांना, टाक्याच्या प्रत्येक भोकावर, वाटाण्याएवढी वेगळी गाठ. म्हणजे हा आधी कुणीतरी कापलेला होता.

मामा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. खांद्यावर केसतूड झालं, फुटलं, वण वाढत गेला. एका ठिकाणी तो चरबीची गाठ समजून कापला गेला आणि सहा महिन्यांत दुपटीने परत आला. याचा मला अजून राग येतो. मूळ जखम केवढी होती, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. हायपरट्रॉफिक, म्हणजे नुसता जाड उंचावलेला, वण जखमेच्या हद्दीत राहतो आणि बहुतेकदा हळूहळू बसतो. केलॉइड हद्द ओलांडतो, खाजतो, ठणकतो, आपण होऊन बसत नाही. नुसता कापला तर परत येण्याचं प्रमाण ४५ ते १०० टक्के, हे पाठ्यपुस्तकात आहे. कापायचाच तर पाठोपाठ, एक-दोन दिवसांत, रेडिएशन किंवा मग इंजेक्शनं ठरलेली हवीत.

त्यांच्या पोटरीवर विळ्याचा जुना वण होता. सपाट, पांढरी रेघ. माणूस तोच, कातडी तीच.

जखम भरताना फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे, म्हणजे प्रथिनाचे, धागे विणतात. त्यांतल्या काही मायोफायब्रोब्लास्ट होऊन कडा आवळतात आणि काम संपलं की मरतात. केलॉइडमध्ये 'विणत राहा' हा टीजीएफ-बीटा नावाच्या रेणूचा निरोप थांबतच नाही. हा रेणू पेशींभोवतीच्या जाळ्यात कुलूपबंद असतो. पेशीने जाळं ओढलं की मोकळा होतो. कातडी ताणलेली असली की ही ओढ वाढते. छाती आणि खांद्यावर केलॉइड फार आणि पापणीवर जवळजवळ नाहीच, ते म्हणूनच. अर्थात ताण हे पूर्ण उत्तर नव्हे. केलॉइड कानाच्या पाळीवरही होतो, तिला कसला ताण?

इंजेक्शन स्टिरॉइडचं, त्याने शुगर वाढू शकते, म्हणून ती तपासून सुरुवात केली. आधी द्रव नायट्रोजनने १०-१५ सेकंद गोठवायचं, मग दहा मिनिटं थांबायचं. सूज येऊन गाठ जरा मऊ होते, नाहीतर औषध आत शिरतच नाही. मग ते स्टिरॉइड: ट्रायॅम्सिनोलोन, ४० मिग्रॅ प्रति मिली. सिरिंज भरायच्या क्षणी बाटली हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. सिरिंज १ मिलीची, सुई फिरवून घट्ट बसणारी. साधीची सुई दाबाने उडते आणि औषध डोळ्यांत जातं. सुई गाठीच्या मध्यात हवी. अंगठ्याला जोर लागला आणि वरची कातडी पांढरी पडली, की जागा बरोबर. औषध सहज गेलं तर सुई खाली चरबीत आहे: तिथे खड्डा पडतो. तिसऱ्या बैठकीपासून ०.९ मिली ५-एफयूमध्ये (पेशींची वाढ रोखणारं, कॅन्सरवरचं औषध) ०.१ मिली ट्रायॅम्सिनोलोन. दर चार आठवड्यांनी.

वण बसवायला लावतात ती सिलिकॉनची पट्टी रोज बारा तासांहून जास्त राहायला हवी. गोणीखाली, घामात ती तासभरही टिकली नाही. म्हणून मी सांगितलं, "मामा, गोणी उजव्या खांद्यावर घ्या."

"तोल जातो डॉक्टर. पण बघतो."

पाचव्या बैठकीला खाज गेली होती, निम्मी गाठ बसली होती. ते खूश होते. पण उजव्या खांद्यावर, बरोबर गोणीच्या कडेखाली, ताजं केसतूड होतं. गोणी घासून आलेलं, माझ्या सल्ल्यानंतरचं.

अँटिबायोटिक दिलं, पिळू नका म्हणून दोनदा बजावलं. त्या खांद्याला पट्टी जखम भरल्याच्या पहिल्या दिवसापासून लावायची, हेही ठरलं. हलकं काम मिळेल का, विचारलं. ते म्हणाले, "टोळीत हलकं काम नसतं." पुढच्या बुधवारी बोलावलंय.