सागवान उघडंच ठेवायचं असेल तर

बाहेरच्या भिंतीवरच्या लाकडी फळ्यांना ना पॉलिश, ना तेल, ना रंग. असं मुंबईतही चालतं. फक्त लाकूड सागवानाच्या गाभ्याचं हवं. सालीलगतचा फिकट पट्टा आलेली फळी स्वस्तात मिळते, पण वाळवी आणि बुरशी आधी तिथेच शिरते. पाइनवूड तर उघडं लावूच नये.

उन्हातले अतिनील किरण लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर करडे तंतू उरतात. हे सगळं वरवरचं असतं. रंधा मारला की खाली जुना रंग तसाच दिसतो. मात्र परदेशी फोटोंतला एकसारखा चंदेरी रंग इथे विसरा. जून ते सप्टेंबर 2000 मिमीहून जास्त पाऊस. फळ्या वाळायला उसंत नाही, मग काळे ठिपके धरतात. पश्चिमेची भिंत काळवंडते, छज्ज्याखालचा पट्टा तपकिरीच राहतो. पहिल्या पावसात लाकडाचं तपकिरी पाणी खालच्या प्लास्टरवर ओघळतं, तेही धरून चाला.

काळवंडणं म्हणजे कुजणं नव्हे. कुजतं ते पाणी साचून. म्हणून फळीमागे उभ्या पट्ट्या ठोकून निदान 20 मिमी पोकळी ठेवा, वर-खाली हवेला वाट मोकळी, तिच्या तोंडाला जाळी. दोन फळ्यांत 6 ते 8 मिमी फट. खालचं टोक जमिनीपासून किमान 200 मिमी वर, नाहीतर पागोळीचे शिंतोडे तिथेच बसतात. फळीचं कापलेलं टोक सर्वात जास्त पाणी पितं. ते लादीला किंवा प्लास्टरला टेकू देऊ नका.

लोखंडी खिळा अजिबात नको. सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) आणि लोखंड भेटले की निळे-काळे ओघळ उतरतात, खारी हवा खिळा खाते ते वेगळंच. 316 स्टेनलेसचे (खाऱ्या हवेत टिकणाऱ्या प्रतीचे) स्क्रू घ्या, आधी भोक पाडा. डाग पडलाच तर लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल, हातमोजे घालून. नंतर भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच त्यात मिसळू नका.

‘निदान एक हात वार्निश मारू’ हा मोह सर्वात महाग. किरण पारदर्शक थरातून आरपार जातात, खालचं लाकूड सुटतं, पापुद्रे निघतात आणि त्यांच्यामागे पाणी अडकतं. मग सगळं खरवडण्यावाचून गत्यंतर नाही.

दिवाळीआधी मऊ ब्रशने साध्या पाण्याने घासा. प्रेशरचा पंप तंतू उपटतो. त्याच वेळी खालच्या टोकांना टोचा लावून बघा. सहज आत गेला, तर लाकूड कुजलंय; तेवढी फळी बदला.