नेल गनचा अपघात आणि टक्केवारीचा दाखला: माझा अनुभव

नेल गनने, म्हणजे हवेच्या दाबाने खिळे मारणाऱ्या यंत्राने, हाताला इजा झालेल्या सुताराच्या घरच्यांना मी सर्वांत आधी एकच गोष्ट सांगते. कामावरील अपघाताच्या भरपाईसाठी लागणारा वैद्यकीय दाखला आणि दिव्यांग व्यक्तींना मिळणारे प्रमाणपत्र या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला हा फरक ठाऊक असेलच असे गृहीत धरून रांगेत उभे राहू नये. हे एक वाक्य आम्हाला कोणी वेळेवर सांगितले असते, तर भावाच्या भरपाईचा प्रश्न चतुर्थीपूर्वी मिटला असता. तो दिवाळीनंतरही लोंबकळत राहिला, आणि त्याची चीड अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

माझा धाकटा भाऊ सुतारकाम करतो. 2023 च्या मे महिन्यात तो गोव्यातल्या बार्देशातील एका जुन्या घराच्या छपरावर काम करत होता. मंगळुरी कौले उतरवून, कुजलेले वासे बदलून, नव्या रिपा मारून मृगाच्या आधी छप्पर झाकायचे होते, म्हणून ठेकेदाराने हातोड्याऐवजी कॉम्प्रेसरवर चालणारी कॉइल नेलर (खिळ्यांच्या गुंडाळीवर चालणारी नेल गन) भाड्याने आणली होती. डाव्या हाताने रीप वाशावर दाबून धरायची, ट्रिगर ओढलेलाच ठेवायचा आणि गनचे नाक रिपेवर टेकवत पुढे सरकायचे, असे ते काम. प्रत्येक टेकणीला एक खिळा बसतो आणि कामाचा वेग कितीतरी वाढतो. त्या दिवशी उताराच्या कडेला वाकून मारताना एक खिळा नीट बसला, गनला झटका बसून ती उसळली, तिचे नाक पुन्हा टेकले आणि दुसरा खिळा कोणी न मागता सुटला. तो पातळ रिपेच्या कडेतून आरपार जाऊन खालून आधार देणाऱ्या तर्जनीच्या मधल्या सांध्यात घुसला.

एका झटक्यात दोन खिळे सुटण्याचा हा प्रकार त्या जातीच्या ट्रिगरचा स्वभावच आहे, हे मला पुढे कागदपत्रे जमवताना वाचून कळले. गनच्या नाकावर एक सरकता दांडा असतो. तो लाकडावर दाबला गेल्याशिवाय खिळा सुटत नाही. एका प्रकारच्या ट्रिगरमध्ये बोट ओढलेले ठेवून दांडा टेकवला की दर वेळी खिळा सुटतो. दुसऱ्या प्रकारात आधी दांडा दाबायचा, मग ट्रिगर ओढायचा, आणि पुढच्या खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा तोच क्रम पाळायचा. दुसऱ्या प्रकारात गन कितीही उसळली तरी आपोआप दुसरा खिळा सुटत नाही. अमेरिकेतील सरकारी कामगार सुरक्षा यंत्रणांनी 2011 मध्ये बांधकाम ठेकेदारांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत पहिल्या प्रकारच्या ट्रिगरने इजा होण्याचा धोका दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असल्याचे नोंदवले आहे. त्या देशात नेल गनच्या इजांसाठी वर्षाला सुमारे 37,000 लोक तातडीच्या उपचारांना येत असल्याचा तेव्हा अंदाज होता, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक इजा हाताच्या व बोटांच्या असतात. आपल्याकडे गन भाड्याने देणारा माणूस ट्रिगरचा प्रकार स्वतःहून सांगत नाही. तो घेणाऱ्यानेच विचारून घ्यावा लागतो.

मुकादम तिथल्या तिथे पकडीने खिळा ओढून काढायला निघाला होता. भावाने हात मागे घेतला आणि जीपमध्ये बसून खिळ्यासकट इस्पितळात गेला, याचा मला अभिमान वाटतो. कॉइलमधले खिळे तारेने एकमेकांना जोडलेले असतात आणि खिळा सुटताना त्या तारेचे तुटके टोक त्याच्या अंगाला काट्यासारखे चिकटून राहते. तसाच ओढला तर ते स्नायुबंध फाडते किंवा आत मोडून राहते. एक्स-रे, धनुर्वाताचे इंजेक्शन, शस्त्रक्रिया करून सांधा धुणे, हे सगळे व्यवस्थित पार पडले आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तरीही सांध्यात संसर्ग झाला, पुन्हा इस्पितळात जावे लागले, आणि अखेर बोट जे अर्धवट वाकलेल्या अवस्थेत आखडले ते तसेच राहिले.

ठेकेदाराने कामगारांचा भरपाई विमा काढलेला होता. अपघाताच्या संध्याकाळीच त्याने कंपनीला कळवले आणि मला म्हणाला, "ताई, विमा आहे, तुम्ही काळजी करू नका." हजेरीपट, मजुरीचा पुरावा, बिले, छपराचे आणि गनचे फोटो हे सर्व पटकन जमले. कंपनीला हवा होता तो शेवटचा कागद: कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी सांगणारा दाखला. माझ्या मते हा सगळा लेख त्या एका कागदाबद्दलच आहे.

ज्या सरकारी इस्पितळात आम्हाला पाठवण्यात आले, तिथल्या खिडकीवर पहिला प्रश्न आला तो 40 टक्क्यांचा. "एका बोटाचे 40 टक्के होत नाहीत, कशाला रांगेत उभ्या राहता?" असे त्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितले. 40 टक्क्यांची ही मर्यादा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातील आहे आणि ती आरक्षणासारख्या सवलतींसाठी लागते. कामावरील अपघाताच्या भरपाईला अशी कोणतीही किमान मर्यादा नाही. मी हे सांगितले, तेव्हा ऑनलाइन अर्ज करून तारीख घेण्यास सांगण्यात आले. तारीख मिळाली, तेव्हा उपचार पूर्ण झाल्याचे पत्र मागितले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की फिजिओथेरपी चालू असताना उपचार पूर्ण झाले असे ते लिहू शकत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते. दरम्यान विमा कंपनीकडून पत्र आले की दाखला लवकर सादर न केल्यास प्रकरण बंद करण्यात येईल. एकाला पूर्ण बरा झालेला हात हवा होता, दुसऱ्याला ताबडतोब आकडा हवा होता, आणि त्या दोघांच्या मध्ये माझा भाऊ गुडघ्यावर फाइल ठेवून बाकावर बसला होता. रोज हजार रुपये मिळवणारा माणूस तिथे बसून दिवसाची मजुरी घालवतो, याचे त्या खिडकीला काहीच सोयरसुतक नव्हते.

अखेर इस्पितळाच्या वैद्यकीय मंडळाने हात तपासला. तपासणी किती वेळ चालली हे लिहिण्यासारखे नाही. दाखल्यावर आकडा आला 4 टक्के. विमा कंपनीने तो लगेच उचलून धरला, आणि जो कागद मिळेपर्यंत ती आम्हाला रोज आठवण करत होती, तो हाती पडताच तिच्या माणसाची भाषा एकदम मवाळ झाली.

या 4 टक्क्यांचा अर्थ रुपयांत सांगते, कारण तो कोणी समजावून सांगत नाही. कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्यात पूर्ण कायमच्या अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या 60 टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वेतन कितीही असले तरी ते 3 जानेवारी 2020 पासून 15,000 रुपयांपर्यंतच धरले जात होते, म्हणजे 60 टक्के झाले 9,000 रुपये. भावाला 35 वर्षे पूर्ण झाली होती. त्या वयाचा गुणक 197.06 आहे. गुणाकार होतो 17,73,540 रुपये. त्याचे 4 टक्के म्हणजे जेमतेम 71 हजार. मात्र कायदा टक्केवारी मागतो ती कमावण्याच्या क्षमतेत झालेल्या घटीची; संपूर्ण शरीराच्या हिशेबात एका बोटाची किंमत किती, हा प्रश्न तो विचारतच नाही. कारकुनाची तर्जनी आखडली तर तो उद्या टंकलेखन करील. सुताराला मात्र त्याच बोटाच्या चिमटीत खिळा, पटाशी आणि पेन्सिल धरायची असते.

हे सर्व मला नेमक्या शब्दांत सांगितले ते विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळालेल्या वकीलबाईंनी. कायद्याचे कलम 4 उघडून त्यांनी दाखवले की परिशिष्टात नाव नसलेल्या इजेसाठी टक्केवारी ठरवायची असते ती पात्रताधारक वैद्यकीय व्यावसायिकाने. मंडळाचाच शिक्का हवा असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. ती ठरवताना परिशिष्टातील आकडे डोळ्यांसमोर ठेवायचे असतात: तर्जनी पूर्ण गेल्यास 14 टक्के, तिची दोन पेरे गेल्यास 11, एक पेर गेल्यास 9. त्यांनीच प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबता या खटल्याचा निकाल दाखवला. डिसेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या एका सुताराला पूर्ण अपंगत्वाची भरपाई मान्य केली होती, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात आहे.

मग मी एक पत्र तयार केले. त्यात अपंगत्वाचा शब्दही न काढता भाऊ कामावर डाव्या हाताने काय काय करतो एवढेच लिहिले: रंधा मारताना पुढची मूठ दाबणे, स्क्रू चिमटीत धरून सुरू करणे, पटाशीला दिशा देणे, शिडीवर उभे राहून वासा धरणे, आणि यांतील काय आता होते व काय होत नाही. हे पत्र व कलमाची प्रत घेऊन आम्ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांध्याचे कोन मोजले, पकड मोजली, पत्र दोनदा वाचले आणि कमावण्याच्या क्षमतेत 12 टक्के घट झाल्याचे कारणांसह लिहून दिले. त्यानंतर पणजीच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दाखल झाला आणि तिथे आम्हाला फारसे ताटकळावे लागले नाही. 12 टक्क्यांप्रमाणे 2,12,825 रुपये ठरले. कंपनीने थोडी कुरकुर केली आणि भरले. ते पैसे खात्यात आले त्या दिवशी मी 4 टक्क्यांच्या दाखल्याची प्रत फाडणार होते. भावाने ती माझ्या हातातून काढून फाइलमध्ये ठेवली.

काही गोष्टी मघाशी सांगायच्या राहिल्या. इस्पितळातून घरी जाण्यापूर्वी केसपेपरवर अपघात कामावर असताना, कोणत्या यंत्राने आणि किती वाजता झाला हे लिहिले आहे का, ते वाचून पाहावे; नंतर दुरुस्ती करून घेणे फार कठीण जाते. काम बंद असलेल्या काळासाठी वेतनाच्या 25 टक्के रक्कम दर पंधरवड्याला मिळण्याची तरतूद आहे, म्हणजे 15,000 धरल्यास 3,750 रुपये. ती मागितल्याशिवाय कोणी देत नाही. प्रत्यक्ष झालेला वैद्यकीय खर्च याखेरीज मिळतो. ठेकेदाराच्या टेबलावर बसून तडजोडीच्या कागदावर सही करू नये. तडजोड करायचीच असेल तर तिची नोंदणी आयुक्तांकडे व्हावी लागते. एका महिन्यात भरपाई न दिल्यास 12 टक्के व्याज लागते, आणि दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची असते. आता हा जुना कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, तेव्हा मुदती आणि आकडे अर्जाच्या वेळी पुन्हा तपासून घ्यावेत.

आणि गनविषयी, कारण भाऊ पुन्हा कामावर गेला आहे. रीप धरणारा हात नाकापासून किमान एक फूट लांब असावा. लहान तुकडा असेल तर तो क्लॅम्पने धरावा. अडकलेला खिळा काढण्यापूर्वी हवेचा पाइप सोडवावा, केवळ ट्रिगर सोडून भागत नाही. गन पाइपला धरून वर ओढू नये. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते आणि नाकावरचा दांडा गंजून चिकटतो. मग कामगार तो तारेने बांधून टाकतात, म्हणजे उरलेले संरक्षणही जाते. टाकीतले पाणी रोज संध्याकाळी सोडावे आणि दांडा सहज मागेपुढे सरकतो का ते सकाळी पाहावे. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण गाठीवर बसलेला खिळा परत उडतो. भावाने ठेकेदाराला क्रमाने चालणाऱ्या ट्रिगरचीच गन आणायला लावली. काम थोडे हळू होते अशी मुकादमाची तक्रार आहे, आणि ती तक्रार ऐकून घ्यायला भाऊ अजिबात तयार नाही.