अपघाताची तारीख काय लिहू?

भोसरीतल्या एका कारखान्यात वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे वायरींचे जुडगे बांधायच्या बोर्डवर मी कित्येक वर्षं टेपिंग केलं. वायरींचा जुडगा डाव्या हातात घट्ट धरायचा आणि उजव्या मनगटाने टेप ताणून गुंडाळत जायची, शिफ्टभर तेच. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली. पुढे कप हातातून निसटू लागला. ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या दवाखान्यातून चिंचवडला मोहननगरच्या हॉस्पिटलात पाठवलं. नसांच्या तपासणीत निघालं कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याचा आजार, दोन्ही हातांना. तोवर अंगठ्याच्या बुडाचं मांस बसलं होतं.

ऑपरेशनला पैसा लागला नाही, हे मी सगळ्यांना सांगते. रजेचे पैसेही मिळाले, पण आजारपणाचे: पगाराच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. कामावरची इजा धरली असती तर 90 टक्के, तेही हात बरा होईपर्यंत. कायमचं अपंगत्व राहिलंच तर मेडिकल बोर्ड कमाईची ताकद किती गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात पैसे मिळतात.

म्हणून इजेचा दावा लावला आणि तिथेच घोडं अडलं. फॉर्ममध्ये रकाना होता, अपघाताची तारीख आणि वेळ. एक साहेब म्हणाले, "ताई, टाका एखादी तारीख, हाताला झटका बसला म्हणून." मी नाही टाकली. शेजारच्या बोर्डवरच्या बायकांचे हातही असेच गेलेत. मी खोटी तारीख लिहिली तर हा आजार कागदावर येणार कधी?

दावा नामंजूर झाला. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती. शिशाची विषबाधा होती, आवाजाने येणारा बहिरेपणा होता, कार्पल टनेल नव्हतं. यादीबाहेरचा आजार ठरावीक अपघातातूनच आला हे दाखवावं लागतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2010 सालीच तो आपल्या यादीत घेतलाय. प्रेस मशीनमध्ये बोट गेलं तर भरपाई, आणि रोज थोडा थोडा हात गेला तर काहीच नाही, हा सरळ अन्याय आहे.

आता विमा न्यायालयात अर्ज केलाय. तिथे वकीलच लागतो असं नाही, नोंदणी झालेल्या युनियनचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो. आमचे दादा मांडतायत. मात्र तीन वर्षांच्या आत जावं लागतं. कुणाच्या बोटांना मुंग्या येत असतील तर पहिल्याच केसपेपरवर डॉक्टरांकडून काम काय करता ते लिहून घ्या. माझ्या पहिल्या पानावर नुसतं 'हात दुखतो' एवढंच आहे, आणि समोरचे वकील प्रत्येक वेळी तेच पान पुढे करतात.