आई समोर ठेवून खोंडाचं दूध तोडलं

आमच्या गोठ्यात वासराचं दूध तोडायची एकच रीत होती. गाय खंगायला लागली की एका पहाटे वासराला दाव्यासकट पाहुण्यांच्या वस्तीवर नेऊन बांधायचं. इकडे गाय हंबरायची, तिकडे वासरू. पंधरवड्यानं परत आणलं की त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, केस उभे राहिलेले. "हुतंय तसंच, पुन्यांदा भरतंय," असं घरात म्हणायचे. भरतं हे खरं, पण वाढीच्या वयात वाया गेलेले दिवस परत मिळत नाहीत. म्हणून या खोंडाच्या वेळी मी ठरवलं की हे काम वेगळ्या पद्धतीनं करायचं.

आमचं गाव आटपाडी तालुक्यात, आणि गाय आटपाडी महालातली खिलार, म्हणजे दुधापेक्षा बैलांसाठी पाळली जाणारी जात. दूध डेअरीला घालायला दोन संकरित गाई आहेत. खिलार गाय ठेवली ती खोंडासाठी. वासरू तोंड लावल्याशिवाय ती पान्हाच सोडत नाही, त्यामुळे घरच्या चहापुरतं काढलं की बाकी सगळं त्याचंच. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि 18 मे 2023 रोजी त्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून आमच्या भागात चांगल्या खोंडाची विचारपूस फार वाढली आहे.

वासरू संगोपनाची आपल्याकडची बहुतेक माहिती दुधाच्या गाईंची असते. दोन-तीन महिन्यांत दूध बंद करा, बादलीनं पाजा, वगैरे. आईला पिऊन वाढणाऱ्या वासराला ती लागू पडत नाही. आमच्याशी जुळणारी माहिती मला सापडली ती अमेरिकेतल्या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांची. त्यांचा हेतू आमच्या घरात कुणाला मानवणारा नाही. पण तिथंही वासरू सहा ते आठ महिने आईजवळच असतं, सगळं दूध तेच पितं आणि मग तोडलं जातं. 205 दिवसांना वजन किती, यावर तिथं वासराची पारख करतात. वासराचं पोट इथलं काय न् तिथलं काय, सारखंच.

खोंड वैशाखात झाला. झाल्यावर तासाभरात त्याला चीक पाजला. वार पडायची वाट आम्ही बघत नाही, कारण गाईच्या पोटात असताना वासराला रोगप्रतिकारशक्ती मिळतच नाही, ती चिकातून येते, आणि दिवस उलटला की आतडं ती शोषून घेत नाही. दहाव्या दिवसाच्या सुमाराला डॉक्टरांकडून जंताचं औषध दिलं. गोल जंत आईच्या दुधातूनच उतरतात.

खरं काम त्यानंतरचं, आणि तिथंच सगळ्यांची घाई होते असं मला वाटतं. दूध तोडणं म्हणजे एका दिवसात दावं बदलणं नव्हे. जन्मतः वासराचं कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा पहिला मोठा कप्पा, नावापुरतंच असतं. प्यायलेलं दूध त्याला वळसा घालून थेट शेवटच्या कप्प्यात जातं. कोठीपोट वाढतं ते खाण्यानं. भरडा, म्हणजे जाडसर दळलेलं धान्य आणि पेंड, पोटात आंबतो, त्यातून जी आम्लं तयार होतात त्यांनी आतल्या अस्तराला लव फुटते आणि मग चारा अंगी लागतो. त्यासाठी पाणीही वेगळं लागतं, दुधातलं पाणी त्या कप्प्यात पोहोचत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाण्याची बादली ठेवली. भरड्यासाठी भाऊजींनी गोठ्याच्या कोपऱ्यात आडवे पाइप असे जोडून दिले की खोंड खालून शिरेल, पण गाईचं तोंड पोहोचणार नाही.

भरडा मी घरीच केला: 50 भाग मका, 30 भाग शेंगदाणा पेंड, 17 भाग गव्हाचा भुसा, 2 भाग खनिज मिश्रण, 1 भाग मीठ. मका जाडसर ठेवला, पिठासारखा बारीक केला तर नाकात जातो आणि वासरू ठसकतं. शेंगपेंड वास घेऊन घ्यायची, बुरशीचा जरा जरी संशय आला तरी परत करायची. मोठ्या गाईंची तयार गोळी पेंड लहान वासराला देऊ नये, काहींत युरिया असतो आणि तो पचवण्याइतकं कोठीपोट तयार झालेलं नसतं. सुरुवातीला खोंड नुसता हुंगायचा. मी दूध पिऊन झाल्यावर चिमूटभर भरडा त्याच्या ओठांना लावायची. रोजचं उरलेलं गाईला टाकून ताजं ठेवायचं, शिळ्याला तो तोंड लावत नाही. लसूणघासाची कोवळी पेंडी टांगून ठेवली, ती मात्र त्यानं लगेच ओढायला सुरुवात केली.

दिवाळीनंतर गाईकडे बघवेना. ती पुन्हा गाभण होती, तिसरा-चौथा महिना, आणि माकडहाडं वर आलेली. पुढं उन्हाळा, तो आमच्याकडे कसा असतो ते माणदेशातल्या माणसाला सांगायला नको. तिनं थंडीतच अंग धरायला हवं होतं. खोंड तेव्हा रोज किलोभर भरडा, वर कडब्याची कुट्टी आणि घास खात होता, निवांत रवंथ करत होता. टेपनं छाती 42 इंच भरली, खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी 38 इंच. छातीचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे साधारण 102 किलो. अंदाजच हा, पण दर महिन्याला एकाच टेपनं मोजला की वाढ कळते.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचा 2003 सालचा एक अभ्यास माझ्या वाचनात आला होता. एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना आई आणि वासरू ठेवून दूध तोडलं, तर वासरं कमी ओरडतात, कमी फिरतात आणि त्यांचं वजन दूर नेलेल्या वासरांपेक्षा चांगलं वाढतं. दूध एकदम बंद, आई मात्र समोर. मला हे मनापासून पटलं. ह्यांनी मधे कमरेच्या वरपर्यंत जाळी मारली. भोकं लहान हवीत, नाहीतर सड जाळीला टेकवून पाजणारी गाय असते.

आत्यांचा विरोध होता. "डोळ्याम्होरं ठिवलंस तर दोघंबी येडी हुत्याल," असं त्या म्हणाल्या. पण जाळी बसल्यावर त्यांनीच एक गोष्ट सांगितली जी मला सुचली नव्हती. "त्याला येकट्याला नगं बांधू. म्हाताऱ्या बैलाशेजारी बांध. बैल खातुया बघून त्योबी खाईल." तसंच झालं. पहिल्या दोन रात्री खोंड हंबरला, गाय जाळीशी उभी राहिली, पण बैलानं कडब्यात तोंड घातलं की खोंडही गव्हाणीकडे वळायचा. नंतर आवाज उतरत गेला. भरड्याची पाटी एकदाही पूर्ण भरलेली परत आली नाही. आत्यांचं ते ज्ञान नसतं तर नुसत्या जाळीनं इतकं झालं नसतं, हे मी सगळ्यांना सांगते.

त्या दिवसांत दुसरं काहीही केलं नाही. लाळ्या खुरकूताची लस आणि तिचा दुसरा डोस आधीच झाला होता, घटसर्प-फऱ्याचीही टोचून घेतली होती. वेसण घालायचं पुढं ढकललं. एकाच वेळी जनावरावर किती ताण टाकायचा?

गाईची काळजी वेगळी घ्यावी लागली. तिची पेंड काही दिवस बंद केली, फक्त कोरडा चारा. कास ताठली तरी पिळून रिकामी करायची नाही, नाहीतर दूध येतच राहतं. रोज सकाळी हात लावून बघायची, एखादा सड गरम किंवा दगडासारखा लागला तर डॉक्टरांना लगेच बोलवायचं. तशी वेळ आली नाही. आठवड्याभरात कास सैल पडली आणि मग तिचा खुराक पुन्हा सुरू केला.

दूध तोडल्याचं कळल्यावर एक व्यापारी बघायला आला. पौषात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत घेऊन चला, चांगले पैसे करून देतो म्हणाला. खोंड त्याला पसंत पडला होता. ह्यांचं मन डळमळलं, पण मी नको म्हटलं. नुकतं तुटलेलं वासरू टेम्पोत घालून शेकडो जनावरांच्या धुळीत उभं केलं की त्याला न्यूमोनिया गाठतो. अमेरिकेतही दूध तोडून, लसी देऊन निदान 45 दिवस घरी सांभाळलेल्या वासरांना वेगळा भाव मिळतो. व्यापाऱ्याला सांगितलं, माघानंतर या, तोवर वेसणही झालेली असेल, आणि टेपचे आकडे वहीत लिहिलेले दाखवीन.